गाडीची खांदशेकणी

आई म्हणायची, "हिच्या तोंडाले कुलूप लावलं तर ही कुलपासंगच बोलत बसन." खोटं नाही. बाबा वरठीच्या पोलाद कारखान्यात होते. संध्याकाळी सायकलवर घरी यायचे, तर चौकातल्या पानठेल्यावरच त्यांना बातमी मिळायची की आज पोरगी कोणाशी भांडली. अशी मी. आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी कॉलेजनं मला शिकवायला पाठवलं ते कोणाला? जिच्या तोंडून एक शब्द काढायचा तर सांडशी लागावी, अशा पोरीला!

योजना विद्यापीठाची होती. भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरवाल्या मुलामुलींनी दर शनिवारी एका गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचं आणि तिथल्या लहान मुलांबरोबर टॅबवर खेळत खेळत शिकायचं, शिकवायचं. एका कॉलेजवाल्यामागे एक लेकरू. त्याला विद्यार्थी म्हणायचं नाही, 'जोडीदार' म्हणायचं, असं आमच्या मॅडमनी बजावलं होतं. आम्हाला मिळालं ते गोसीखुर्दच्या धरणात गेलेल्या एका गावाचं नवं गाव. सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट, कंबरेएवढी कडुनिंबाची झाडं. लोक "आमच्या गावात" असं म्हणाले की ते पाण्याखालच्या गावाबद्दल बोलत असायचे. राहत होते त्या जागेला ते नुसतं पुनर्वसन म्हणायचे.

माझी जोडीदार चौथीतली. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, आणि नजर कायम टॅबच्या कडेवर. टॅबवर रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे असत. 'पुढे चाल', 'उजवीकडे वळ', 'थांब'. जोडले की पडद्यावरचं मांजर तसं चालायचं. बाकीच्या पोट्ट्यांनी पहिल्याच दिवशी मांजराला पडद्याबाहेर पळवून लावलं. माझ्या जोडीदारापुढं टॅब तसाच.

"काय काढायचं?" मी विचारलं.

"तू सांग ताई."

"अगं, तुले काय आवडते?"

"तू सांग. मी करतो."

सांगितलं की करायची, आणि असं करायची की बोट ठेवायला जागा नाही. पण आपण होऊन एक ठोकळा हलवेल तर शपथ! तिसऱ्या शनिवारी माझा संयम संपला. परतीच्या बसमध्ये मी मॅडमना सांगून टाकलं, मला दुसरी जोडीदार द्या, ही पोरगी आहे की भिंत? मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "भिंतीशी बोलून बोलून तुलाच थोडं ऐकायची सवय लागेल." मी भंडारा येईपर्यंत फुगून बसले.

मॅडमनी आम्हाला एक खेळ शिकवला होता, यंत्र-यंत्र. एकानं यंत्र व्हायचं, एकानं हुकूम सोडायचे. यंत्रानं सांगितलं तेवढंच करायचं, कमी नाही, जास्त नाही. नुसतं 'पुढे चाल' म्हटलं आणि किती पावलं ते सांगितलं नाही, तर यंत्र हलणार नाही. भिंतीवर जा म्हटलं तर नाक भिंतीला लागेपर्यंत जाणार. यंत्रानं बोलायचं नाही, हसायचं नाही. आणि खेळ संपला की हुकूम देणाऱ्यानं म्हणायचं, "सुटलं, आता आपल्या मनानं चाल." ते म्हणेपर्यंत यंत्र जागचं हलत नाही.

या खेळात माझ्या जोडीदाराचा हात धरणारं शाळेत कोणी नव्हतं. माशी नाकावर बसली तरी पापणी नाही. एकदा मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि तिला हुकूम देणारं पोट्टं सगळं विसरून खिचडीकडे पळालं. बऱ्याच वेळानं मी व्हरांड्यात आले, तर ही बाई एक पाय पुढे टाकून तशीच उभी. सगळ्यांची जेवणं उरकलेली, हिची खिचडी गार.

"अगं वेडे, काहून उभी राहिली अशी?"

"सुटलं नाही म्हटलं न त्यानं."

मला हसू आलं. मीच "सुटलं" म्हटलं आणि तिला ताटाशी नेऊन बसवलं. पण 'तू हुकूम देणारी हो' म्हटलं की ती वेणी चावत मागे सरकायची. "मले नाही सांगता येत ताई. माह्यं कोण ऐकते?"

मग आमची गाडी आली. आमच्या वर्गातल्या एका पोरानं ती बनवली होती. त्याला आम्ही सगळे मेकॅनिक म्हणायचो. एका प्लॅस्टिकच्या डब्याला चार चाकं, दोन छोट्या मोटरी, पोटात सेल, आणि टॅबवर ठोकळे जोडले की ती तशी चालायची. पडद्यावरच्या मांजराचं कौतुक त्या दिवशी संपलं. पोरं गाडीवर तुटून पडली. माझी जोडीदार लांब उभी राहून बघत होती.

त्याच शनिवारी सगळे खिचडीला गेले असताना मी खिडकीतून पाहिलं. वर्गात ती एकटी, मांडीवर टॅब. गाडी बाकांच्या रांगेतून निघाली, दारापाशी वळली, गुरुजींच्या खुर्चीला वळसा घालून परत आली आणि तिच्या पायाशी थांबली. कुठं धडकली नाही, कुठं अडखळली नाही. पोरीनं तिच्याकडे वाकून काहीतरी म्हटलं. ओठ हलले तेवढे मला दिसले. ते काय असणार हे मला माहीत होतं. सुटलं, आता आपल्या मनानं चाल.

मी धावत गुरुजींकडे गेले. "गुरुजी, ही पोरगी तर भलती हुशार आहे!"

"आहेच," गुरुजी म्हणाले. दोन शिक्षकांची शाळा, ते स्वतःच फळा पुसत होते. "पण राहते कुठे इथं? पोळा झाला की तिचा मामा तिले नागपूरले घेऊन जाते."

"कायले?"

"मामीले लेकरू झालं. सांभाळाले कोणी नाही."

"अन् शाळा?"

"पुढच्या साली तिकडेच टाकू म्हणते." गुरुजींनी डस्टर ठेवला. "असे पुढचे साल मी लय पाहिले."

माझं डोकं तापलं. मी तशीच त्या पोरीच्या घरी गेले. आई अंगणात भांडी घासत होती. वडील धरणाच्या पाण्यात मासे धरायला जायचे, ते नावेवर होते. जुन्या गावात त्यांची शेती होती, बैलजोडी होती. पाणी आलं तेव्हा बैल विकले. आता घरात बैल म्हणजे देवळीत ठेवलेला एक लाकडी नंदी. एक शिंग तुटलेलं, पाठीवरचा रंग उडालेला.

आईनं काळा चहा दिला. मी चहा हातात घेऊनच सुरू झाले. काकू, असं कसं, काकू, चौथीची पोरगी, काकू, तुम्ही नाही म्हणा.

तिनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "पाणी आलं न बाई, तवा दादानं आमाले पावसाळाभर आपल्या खोलीत ठेवलं. एकच खोली. वहिनीनं एक दिवस तोंड वाकडं नाही केलं. आता दादा पहिल्यांदा काही मागून राहिला. मी कोण्या तोंडानं नाही म्हणू?"

मी गार झालेला चहा एका घोटात संपवला. 

"तुमाले काय वाटते पण?"

"मले काय वाटन?" ती राखेनं पातेलं घासत राहिली. "दादा तान्ह्या पोळ्याले येते. तूच सांगून पाहा. माह्या तोंडातून नाही निघत."

मी तर भांडायला कंबर कसूनच होते. गुरुजींनी अडवलं. "पावण्याशी भांडशीन तर सारं गाव तुह्यावर उलटन. तो काही वाईट माणूस नाही. भांडू नको. पोरगी काय करते ते दाखव त्याले."

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लेकरांचा. पोळ्याला खरे बैल तोरणाखाली उभे राहतात, तान्ह्या पोळ्याला पोरं आपापले लाकडी नंदी सजवून आणतात आणि सगळ्यांत छान सजलेल्या नंदीला बक्षीस मिळतं. मग ते नंदी घेऊन दारोदार फिरायचं आणि बोजारा मागायचा. बोजारा म्हणजे नंदीचा मान. कोणी चार पैसे देतं, कोणी गोळ्याबिस्किटं, काहीच नसलं तर मूठभर मुरमुरे. पण दारी आलेला नंदी रिकामा परत पाठवत नाहीत. भांडकुदळ म्हातारीसुद्धा त्या दिवशी काहीतरी हातावर ठेवते.

आमच्या घरी हे नव्हतं. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव आणि नंदी गेले. बाबा म्हणायचे, बैलाच्या कष्टाला मान द्यावा, लाकडाच्या पाया कायले पडायचं? मला ते पटायचं. तरी लहानपणी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गल्लीतून नंद्यांच्या चाकांचा खडखडाट आला की मी दारात जाऊन उभी राहायची, हे काही खोटं नाही.

तर कल्पना माझीच. म्हटलं, गाडीवर तिचा नंदी बसवू. कोणी न ओढता आपोआप चालणारा नंदी! तोरणाखालून निघेल, बोरिंगापाशी वळेल, बक्षिसाच्या टेबलासमोर जाऊन थांबेल. ठोकळे सगळे तिनं जोडायचे. मामा पाहील, गाव पाहील. मेकॅनिकनं लोखंडी पट्टी वाकवून नंदीचे पाय गाडीवर घट्ट बसवले. त्या शनिवारी मी पोरीला "काय करायचं?" विचारलं तेव्हा "तू सांग" म्हणाली नाही. टॅब ओढून घेतला आणि करत बसली. पोळ्याच्या सुट्ट्या लागत होत्या, म्हणून गुरुजींच्या सांगण्यावरून नंदीसकट गाडी तिच्याच घरी ठेवली.

तान्ह्या पोळ्याला सकाळीच आम्ही पोहोचलो. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेला होता, रस्त्यात चिखल होता, वर ऊन लख्ख. समाजमंदिरासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. मामाही सकाळच्या गाडीनं आला होता. नागपूरला ऑटो चालवायचा. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्याला रुमाल. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. त्यानंही उतरल्या उतरल्या वाकून त्या एवढ्याशा पोरीच्या पायांना हात लावला, "काय भाचीबाई, निघायचं न?" असं हसून विचारलं, आणि समाजमंदिराच्या ओट्यावर जाऊन बसला. त्याच्या पायाशी तिच्या कपड्यांची पिशवी होती. आईनं रात्रीच भरून ठेवली होती म्हणे. 

नंदी बघण्यासारखा सजला होता. तुटक्या शिंगाला बेगड, पाठीवर साडीच्या काठाची झूल, गळ्यात घुंगरू. पोरीनं टॅबवर बोट ठेवलं. गाडी हलली नाही. पुन्हा ठेवलं. गाडी एकदा गुरगुरली आणि गप्प.

मेकॅनिकनं नंदी उतरवला, झाकण उघडलं, आणि वास घेतला. "हिची हळद कोणी केली बे? लग्न आहे का आज?"

मी वाकून पाहिलं. चाकांचे खिळे, मोटरींचे दाते, तारा, सगळं पिवळंजर्द. लोणी थिजून दातांमध्ये बसलेलं. मुंग्या तर केव्हाच्याच पंगतीला बसल्या होत्या.

"हे काय केलं व तू?"

पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही एवढंही हिला कळत नाही. "खांद शेकली ताई."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांद शेकतात. वर्षभर जू वाहून दुखलेल्या खांद्यांना गरम लोणी आणि हळद पळसाच्या पानानं चोळायची आणि म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. तिच्या आईनं जुन्या गावात आपल्या बैलांची शेकली होती. बैल गेल्यापासून त्या घरात खांदशेकणी नव्हती. यंदा आईनंच लोणी कढवून दिलं होतं.

"अगं, पण नंदीची शेकायची न! गाडीची कायले?"

"नंदी तर नुसता उभा राहते ताई. ओढते कोण? गाडीच न."

 मी रागवायच्या बेतात होते, ते हसूच आलं. मेकॅनिक मात्र डोक्याला हात लावून बसला. "धुवून वाळवल्याबिगर नाही चालत ही. संध्याकाळ होते."

दुपारच्या बसनं मामा जाणार होता. तोरणाखाली पोरांचे नंदी रांगेत लागले होते, हलगी सुरू झाली होती. ओट्यावरून मामानं विचारलं, "का गा गुरुजी, आपोआप चालणारा नंदी म्हणत होते न?" चारदोन लोक हसले. पोरीची मान खाली गेली. एका हातानं ती वेणी चावायला लागली आणि मला कळलं की आता ही पिशवीसारखी उचलून नेली तरी हूं की चूं करणार नाही.

मी नंदी उचलला. लहानच होता, पण सागवानी, हाताला जड. दोन्ही हातांत छातीशी धरून मी तोरणाखाली जाऊन उभी राहिले.

"चाल. मी यंत्र. तू सांग."

तिनं 'नाही' म्हणून मान हलवली.

"मी हलत नाही मग. राहतो अशीच."

आणि राहिले. बोलायचं नाही, हसायचं नाही, पापणी हलवायची नाही. माझ्यासारखीला ही केवढी शिक्षा! बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. कोणी म्हणालं, "काय वो मास्तरीणबाई, बंद पडल्या का?" कोणी म्हणालं, "यांची बी खांद शेकली का काय?" हशा झाला. एरवी मी तिथल्या तिथं चार शब्द सुनावले असते. जीभ दाताखाली धरून उभी राहिले. हलगीवाला थांबला. माझ्या जोडीदाराशिवाय मला कोणी सोडवू शकत नव्हतं, हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. शाळेतली पोरं ओरडायला लागली, "सांग व, सांग! ताई मरन तिथं!"

"पुढे चाल," ती पुटपुटली.

मी हलले नाही. किती पावलं ते कुठं सांगितलं होतं?

तिनं माझ्याकडे पाहिलं. वेणी तोंडातून काढली. "पाच पावलं पुढे!"

मी पाच पावलं गेले. पाचवं पाऊल बरोबर चिखलात. घोट्यापर्यंत पाय गेला, पांढऱ्या सलवारवर शिंतोडे उडाले. सगळं गाव खो खो हसायला लागलं. मी नाक वर करून उभी. यंत्राला चिखल कळत नाही. आणि मग मला तिचं हसणं ऐकू आलं. इतक्या शनिवारांत मी ते पहिल्यांदाच ऐकलं होतं. बारीक, खळखळतं.

"मागे!" ती ओरडली. "दोन पावलं मागे! आता डावीकडे वळ. तीन पावलं. थांब. उजवीकडे!"

आता तिचा आवाज खणखणीत निघत होता. हलगीवाल्यालाही जोर चढला. माझ्यामागे बाकी पोरं आपापले नंदी ओढत निघाली. ती माझ्या बाजूनं उलटी चालत, हात नाचवत हुकूम सोडत होती, चिखल चुकवत, दगड चुकवत. बोरिंगाशी आलो. इथून उजवीकडे वळलं की समोर बक्षिसाचं टेबल. तिचे ठोकळे मला पाठ होते.

"डावीकडे," ती म्हणाली.

चुकली, असं मला वाटलं. पण यंत्राला विचारायची सोय नाही. मी डावीकडे वळले. समोर समाजमंदिराचा ओटा होता.

"पुढे चाल. चाल. थांब."

पावलांचा आकडा तिनं सांगितला नव्हता, पण तेवढा एक नियम मी सोडला. मी मामाच्या समोर येऊन थांबले होते.

"वाक."

मी नंदीसकट वाकले. नंदीचं तोंड मामाच्या गुडघ्याशी आलं, घुंगरू वाजलं. माझ्या कानाजवळून तिचा आवाज आला, "मामा, बोजारा."

मामा हसला. "असं होय! माह्यावरच आली का?" त्यानं खिशातून नोट काढली आणि तिच्यापुढं धरली. तिनं हात मागे घेतले.

"पैसे नाही पाहिजे."

"मग काय पाहिजे भाचीबाईले?"

वाकल्यामुळं माझ्या डोळ्यांपुढं चिखल, नंदीची पाठ आणि ती पिशवी होती. पोरीचे अनवाणी पाय एकमेकांवर चढले, पुन्हा उतरले.

"मले नेऊ नको," ती म्हणाली. "मले शाळेत राहू दे. हाच बोजारा दे."

हलगी बंद झाली.  बाजूला एक नंदी कलंडला आणि कोण्या लेकरानं तो गुपचूप उभा केला. माझे हात भरून आले होते, पण तिनं 'उभी राहा' म्हटलं नव्हतं, म्हणून मी वाकलेलीच.

"तुही मामी एकटी आहे व," मामा म्हणाला. आवाजात राग नव्हता. थकवा होता. "मी दिवसभर ऑटोवर. लेकरू रडते. मी तिले काय सांगू जाऊन?"

  उत्तर मागून आलं.

"मी येतो दादा." मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, तिची आई बायांच्या घोळक्यातून पुढं आली होती. पदर डोक्यावरून घसरला होता, तो तिनं सावरलाही नाही. "मजुरीचं रोवणं झालंच आहे. धान कापाले येईपर्यंत मी राहतो वहिनीजवळ. तोवर लेकरू मोठं होते. इथं तिचा बाप आहे, तिची शाळा आहे. पोरीले नको नेऊ."

मामा बहिणीकडे वळला. "आधी काहून नाही म्हटलं तू?"

"नाही निघालं तोंडातून."

मामानं नोट खिशात ठेवली. नंदीच्या कपाळावर हात ठेवला. मग वाकला आणि सकाळी केला होता तसाच भाचीच्या पायांना हात लावला, पण या वेळी तो लवकर उठला नाही.

"दिला बोजारा," तो म्हणाला.

त्यानं पिशवी उचलून बहिणीच्या हातात दिली. "घे. हिचे कपडे काढ अन् आपले भर." बाया एकदम बोलायला लागल्या, हलगी कडाडली, पोरं दारोदार पळाली. गुरुजी चष्मा पुसत होते. कोणीतरी माझ्या जोडीदाराला उचलून घेतलं, ती दिसेनाशी झाली. आई पिशवी घेऊन घराकडे निघाली, मामा तिच्याबरोबर.

मी तशीच. ओट्याशी वाकलेली, हातात नंदी, पायाला वाळत चाललेला चिखल. मेकॅनिक म्हणाला, "अगं ऊठ की आता." मी उठले नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

मग अनवाणी पावलं धावत आली. धापा टाकत ती माझ्यापुढं बसली, खालून माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि माझ्या हातातला नंदी काढून घेतला.

"मी विसरलीच व ताई," ती म्हणाली. "सुटली तू. आता आपल्या मनानं चाल."